सॉफ्टवेअरनं बाबांचा एकच फोटो ठेवला

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

घरच्या कॉम्प्युटरवर आज पहिल्यांदाच फोटो नीट लावायचं सॉफ्टवेअर टाकलं. त्यानं विचारलं, "एकसारखे फोटो काढून टाकू?" मी घाईत "हो" दाबलं.

मग बाबांचं फोल्डर उघडलं. बाबा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या शेवटच्या वाढदिवसाला मी धडाधड फोटो काढले होते. त्यातला एकच उरला होता, बाबा ताठ बसलेत तो. मला रडूच कोसळलं.

"रडून काहून राहिली वं? रिसायकल बिनमध्ये असतील," नवरा म्हणाला. होते! सगळे परत आणले.

तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. एका हललेल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "मले हा पाह्यजे. हासून राहिले यात."

सॉफ्टवेअरनं तोही काढून टाकला होता.

दुपारी धरमपेठेतून पेन ड्राइव्ह आणून सगळे त्यात टाकले. तरी मी सारखी उघडून बघतेच आहे, आहेत ना म्हणून. तुम्ही काय करता हो, हललेले फोटो ठेवता की काढून टाकता?