गाण्यातून कापलेला ‘कोनी’

भारत,

तुझी गाणी मला कळत नाहीत, हे खोली देतानाच सांगितलं होतं. त्यावर तू म्हणालास, “मॅडम, मलेही कधी कधी नाही समजत.” हे उत्तर आवडलं म्हणून खोली दिली. नाहीतर रात्रंदिवस धडधड करणारा भाडेकरू कोण ठेवतं?

गेल्या रविवारी पायरीवर बसून तू पुष्पाचं सगळं सांगितलंस. सांगताना तीनदा उलटा फिरलास, दोनदा रडवेला झालास आणि शेवटी मलाच विचारलंस, “मग आता माझं चुकलं का नाही?” मला इतकं घोळून सांगितलेलं चालत नाही. म्हणून ते सरळ रेघेत मांडून बघते. ‘तू असं केलंस, तू तसं केलंस’ लिहीत गेले तर आरोपपत्र वाटेल, तेव्हा थोडा वेळ तुला ‘तो’ म्हणते. कुठे चुकलं तर दार वाजवून सांग. खिडकीतून ओरडू नकोस.

तर भारत प्रेमसिंग आडे हा बाभुळगावकडच्या एका तांड्यातला. वडील प्रेमसिंग आश्रमशाळेत स्वयंपाकी, आई जमनी लोकांच्या शेतात कामाला जाणारी. घरात बंजाऱ्यांची गोरबोली, शाळेत पुस्तकी मराठी, बाजारात वऱ्हाडी आणि मोबाईलवर हिंदी. शाळेत काही सांगायचं झालं की आधी मनात ते एका भाषेतून दुसऱ्या भाषेत न्यायचं, तोवर बाकीची पोरं हसायला लागत. म्हणून त्याने एक युक्ती काढली. हसण्याआधीच वाक्य संपवायचं. तेव्हापासून तो भरभर बोलायला लागला तो आजतागायत. रॅप वगैरे नाव त्याला कितीतरी उशिरा कळलं.

बारावी झाली, आयटीआय अर्धवट सुटलं आणि तो लखनच्या डीजेच्या गाडीवर लागला. लखन यवतमाळचा, लग्नाच्या वराती आणि मिरवणुका वाजवणारा. भारतने वायरी जोडायच्या, जनरेटर सांभाळायचा. गाडीवर बसल्या बसल्या मोबाईलमधल्या एका ॲपवर तो ठेका बांधायला शिकला आणि त्यावर आपलं भरभर बोलणं टाकायला लागला. नाव घेतलं ‘एमसी पऱ्हाटी’. कापूस वेचून झाल्यावर शेतात जी वाळकी झाडं उरतात ती पऱ्हाटी. हेच नाव का, असं विचारलं तर म्हणे, ती लवकर पेट घेते. पहिलं गाणं असं होतं:

बोर्ड लागला तांड्याचा, यष्टी काही थांबत नाई,
कंडक्टर म्हणे उतर पुढं, पुढं म्हंजे कुठं भाई?

हे प्रेमसिंगने ऐकलं आणि विचारलं, हे गाणं आहे का भांडण. जमनीने दोनदा ऐकून घेतलं आणि काळजीने विचारलं, “इतकं घाईघाईत काहून बोलून राह्यला? कोणी मागं लागलं का?” तांड्यातल्या पोरांना मात्र ते आवडलं. पण पोरांना आवडून कोणी प्रसिद्ध होत नाही. पोरं आपापल्या मोबाईलवर ऐकतात आणि विसरतात.

प्रसिद्धी आणली पुष्पाने. म्हणजे तिच्या आवाजाने.

पुष्पा त्याची मोठी बहीण. तिचं लग्न झालं तेव्हा भारत सतरा वर्षांचा होता. बंजाऱ्यांमध्ये नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून सूर लावून रडते आणि रडता रडता बोलते. त्याला ढावलो म्हणतात. त्यात आईला सांगायचं, बापाला दोष द्यायचा, गायी-वासरांचासुद्धा निरोप घ्यायचा. हे म्हाताऱ्या बायका शिकवतात. पुष्पा महिनाभर शिकत होती आणि चुकली की हसत होती. निघायच्या वेळी ती जमनीच्या गळ्यात पडली आणि म्हणाली, “याडी ये, म जाऊं कोनी.” याडी म्हणजे आई, आणि गोरबोलीत कोनी म्हणजे नाही. आई गं, मी जात नाही. सगळ्याच नवऱ्या म्हणतात. भारतने सवयीने मोबाईल समोर धरला आणि ते टिपून ठेवलं. त्या वेळी त्याला एवढंच वाटलं की आवाज चांगला लागला.

तीन वर्षांनी त्याने ती क्लिप काढून तिच्यावर ठेका चढवला. अडचण अशी झाली की ओळ ठेक्याच्या बाहेर जात होती. ‘म जाऊं’ नेमकं बसत होतं, ‘कोनी’ शेपटासारखं लोंबत होतं. शिवाय लखनने ऐकलं आणि विचारलं, “कोणी? कोण कोणी?” मराठी कानाला ते तसंच ऐकू येणार, हे भारतला पटलं. त्याने ‘कोनी’ कापला. उरलं, ‘याडी ये, म जाऊं, म जाऊं, म जाऊं.’ मधे त्याचं वऱ्हाडी, मागे ढोल. गाणं चॅनेलवर टाकलं आणि तो लखनच्या गाडीवर कळंबला वरात वाजवायला निघून गेला.

पुढे काय झालं ते त्यालाही नीट सांगता येत नाही. दिवाळीनंतरच्या लग्नसराईत ते गाणं प्रत्येक डीजेवर वाजू लागलं. लाखांवर लोकांनी ऐकलं. नागपूरच्या एका पोर्टलच्या मुलाने मुलाखतीत विचारलं, तुमची कला कोणत्या भाषेतली मानायची? भारत म्हणाला, ज्या भाषेत ऐकणारा हसत नाही, त्या भाषेतली. एका मुलीचे वडील स्थळ बघायला आले आणि विचारून गेले, रॅपर म्हणजे बिस्किटाच्या पुड्यावरचा कागद ना, त्यात पोट कसं भरतं? त्याच आठवड्यात बाभुळगावच्या एका शाळेने त्याला प्रमुख पाहुणा म्हणून नारळ दिला. त्याला कळेना की आपण मोठे झालो की नाही. नारळ हातात धरून तो घरी आला आणि जमनीने तो फोडून चटणी केली.

सगळ्या कमाईचं मूळ ते एकच गाणं. बाकीची गाणी त्याच्या बोटाला धरून चालणारी. कार्यक्रमाला बोलावणारा माणूस फोनवर एवढंच विचारायचा, ‘म जाऊं’वाला तूच का?

तसाच किसनसिंगचा फोन आला. किसनसिंग हा कळंबजवळच्या तांड्यातला, म्हणजे पुष्पाच्या सासरच्याच गावचा. मुलगी जया, तिचं लग्न. म्हणाला, गाणं घेऊन ये, तूच पाहिजे. भारतला वाटलं वरात असेल. तो लखनचे दोन मोठे स्पीकर, काळा चष्मा आणि टोपी घेऊन गेला. गेल्यावर कळलं की वरात दुसऱ्याच डीजेने वाजवून टाकली होती, तीही ह्याच गाण्यावर. ह्याला बोलावलं होतं नवरीला निरोप देण्यासाठी.

किसनसिंगने समजावून सांगितलं. जया हॉस्टेलवर शिकलेली, तिला ढावलो येत नाही. मानीबाई ही तांड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, ती शिकवायची, पण दम्याने तिचा आवाज गेला. आता पोरगी न रडता निघाली तर लोक काय म्हणतील? भारतच्या गाण्यात ढावलो आहे, तो लावायचा, म्हणजे पोरगी रडेल. भारतला हे काही केल्या डोक्यात बसेना. दुपारी ज्या गाण्यावर पोरं शर्ट काढून नाचली, त्याच गाण्यावर संध्याकाळी पोरीने रडायचं? पण स्पीकर तर आणले होते. त्याने गाणं लावलं.

“म जाऊं, म जाऊं, म जाऊं.”

जया आईच्या गळ्यात पडली होती. तिचा खांदा हलायला लागला, म्हणून बायकांनी पदर डोळ्याला लावले. मग कळलं की ती हसते आहे. आवरायचा प्रयत्न करत होती बिचारी, पण ठेकाच तसा होता. तेवढ्यात खाटेवर बसलेली मानीबाई तिच्या फाटक्या आवाजात म्हणाली, “ही कशी रडंल? गाण्यातली पोरगी तर सोताच जातो जातो म्हणून राह्यली. तिले तर घाई झाली.”

लोक हसले. भारत हसला नाही. त्या क्षणापर्यंत त्याने ते गाणं हजारदा ऐकलं असेल, पण त्याचा अर्थ एकदाही ऐकला नव्हता. बोली त्याचीच, आईच्या दुधाबरोबर आलेली, आणि त्याला दिसत होता फक्त ठेका.

बायकांच्या घोळक्यात मागे पुष्पा होती. ती पुढे आली, जयाला आईच्या गळ्यातून सोडवून आपल्या गळ्यात घेतलं आणि सूर लावला. तोच आवाज, थोडा जाड झालेला. “याडी ये, म जाऊं कोनी.” भारतला गाणं बंद करायचं होतं. घाईत त्याने आवाज कमी करायच्या ऐवजी वाढवला. एकीकडे स्पीकरमधली वीस वर्षांची पुष्पा जाते जाते म्हणत होती, दुसरीकडे समोर उभी दोन मुलांची आई पुष्पा जात नाही म्हणत होती. स्पीकर लावायला लखनने पाठवलेल्या पोराने वायर उपटली तेव्हा कुठे एकच पुष्पा उरली. जया रडली. तिची आई रडली. किसनसिंगने भारतच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, काम झालं. काय झालं, हे भारतला कळलं नाही.

मांडव मोकळा झाल्यावर दोघं भाऊबहीण चुलांगणाजवळ बसले. बोलले आपल्या बोलीत. तू मला वऱ्हाडीत सांगितलंस, तसंच लिहिते.

पुष्पा म्हणाली, “तो कोनी लाव परत.”

भारतने सांगितलं की बसत नाही. मग सांगितलं की चॅनेलवर चढवलेलं गाणं दुरुस्त करता येत नाही. काढून नवं चढवावं लागतं, आणि नवं चढवलं की ऐकणाऱ्यांचा आकडा शून्यावर येतो. लोक जुनंच शोधतील, मिळणार नाही, मग विसरतील. पुष्पाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तरी लाव.”

तेव्हा त्याने विचारलं. विचारायला नको होतं की आधीच विचारायला हवं होतं, हे त्याला अजून ठरवता येत नाही. “बाई, तुले खरंच जायचं नव्हतं का?”

पुष्पाने राख उकरली. मग म्हणाली, “मले काय माहीत. सगळ्या म्हणतात तेच म्हणलं मी.”

“मग कायले पाहिजे तो कोनी?”

“म्हणलं तर होतं ना मी.”

एवढंच. त्यापुढे ती उठली आणि तिने मोठ्या मुलाला हाक मारली. मुलगा मांडवात उरलेल्या पोरांबरोबर नाचत होता. गाण्याशिवाय, तोंडाने ‘म जाऊं, म जाऊं’ म्हणत.

भारत यवतमाळला आला तो हेच डोक्यात घेऊन. एक दिवस वाटे, तिला खरंच जायचं नव्हतं. बाभुळगावचा कॉम्प्युटर क्लास तिने लग्नासाठी सोडला होता. दुसऱ्या दिवशी आठवे की नवऱ्या मुलाचा फोटो तिनेच मागून घेतला होता आणि उशीखाली ठेवला होता. रीत होती की खरं होतं? खरं असेल तर रीत म्हणून ते सगळ्यांसमोर ओरडूनही कोणाला ऐकू गेलं नाही. आणि नुसती रीत असेल, तर तिला आता त्याचं एवढं काय? प्रेमसिंगला विचारलं तर तो म्हणाला, नवरीचं बोलणं कोणी मनावर घेतं का. जमनीला विचारलं तर ती भाजी निवडत राहिली. लखनला विचारलं तर तो चिडला. “गाडी चालून राह्यली न भाऊ. चालत्या गाडीचं चाक कायले काढतं?”

शेवटी भारतने ठरवलं, लावायचा. आणि इथे खरी गंमत झाली. ‘कोनी’ कुठेच नव्हता. जुना मोबाईल त्याने माइक घेताना विकून टाकला होता, आणि त्याच्याजवळ होता तो फक्त ‘कोनी’ कापून उरलेला तुकडा. लग्नाची शूटिंग बाभुळगावच्या मारोतरावने केली होती. त्याच्याकडून ती आणून बघितली, तर पाठवणीच्या जागी मारोतरावने सिनेमातलं गाणं चढवलेलं. चित्रात पुष्पाचे ओठ हलताना दिसत होते, आवाज कोण्या गायिकेचा होता. भारत ती जागा पुन्हा पुन्हा बघत बसला. शेवटी ओठ मिटतात आणि मग परत उघडतात, तोच ‘कोनी’ असावा. नक्की सांगता येत नाही.

म्हणून ठरलं की पुष्पाने यवतमाळला यायचं, ह्या खोलीत, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून खाटेवर गोधड्यांचा तंबू करून त्यात बसायचं आणि माइकसमोर तेवढा एक शब्द म्हणायचा. ती म्हणाली, एकटीला ते म्हणता येणार नाही, कोणाच्या तरी गळ्यात पडल्याशिवाय ते निघत नाही. भारत म्हणाला, माझ्या पड. ती म्हणाली, बरं. आधी सोयाबीन निघू दे म्हणाली. मग ह्याचा नागपूरचा कार्यक्रम आला. मग तिच्या धाकट्याला ताप आला. मग ह्याने फोन केला तेव्हा तिने उचलला नाही, आणि तिने केला तेव्हा हा डीजेच्या गाडीवर होता, काही ऐकू आलं नाही.

तर भारत, रेघ इथपर्यंत येते. तुझं चुकलं का, हे मला विचारू नकोस, ते मलाही समजलेलं नाही. रस्ता मात्र माहीत आहे. तुझ्या गाडीवर कळंब अर्ध्या-पाऊण तासाचं. सकाळी ती स्टँडवर येऊन उभी राहील, तू तिला घ्यायचं आणि दुपारी परत सोडायचं, असं तुमचं बोलणं झालं होतं. गोधड्या मी उन्हात घालून ठेवल्या. वार ठरला, बदलला, पुन्हा ठरला. तिला आणायला तू अजून गेलेला नाहीस.