पोळ्याच्या दिवशी घेतलेली सही

"बाई, नीट मराठीत बोला. हे रेकॉर्डवर जातंय."

मोठे साहेब माइकमधून असं म्हनले अन् सारा मंडप हासला. पुढच्या सोफ्यावर बसलेले बापूसाहेब सगळ्यात मोठ्यानं हासले. रस्ता रुंद करायची जनसुनावनी होती. म्हनजे रस्त्यापायी पान्याचं, झाडाचं, वावराचं काय होईल, ते लोकायले इचारायची सभा. अन् मी इचारलं एवढंच होतं, "साहेब, आमच्या इहिरीत पानी हाय. तुमच्या कागदात ते काऊन नाही?"

सोनाळ्याकडे जायच्या रस्त्याले लागून आमचं दीड एकर वावर हाय. वांगे, मिरची, सांबाराच्या म्हनजे कोथिंबिरीच्या जुड्या. सारं त्या एका इहिरीवर. रस्त्याच्या पल्याड बापूसाहेबाचा संत्र्याचा बगीचा. ग्रामपंचायतीत अहवाल लावला होता, तो मी उभ्यानं वाचला. रस्ता सारा आमच्याच बाजूनं वाढनार. काऊन, तं या बाजूले वापरातली एकही विहीर नाही म्हने. असती, तं आखनी बगीच्याकडे सरकवा लागली असती. इहीर बुजली का वावर कोरडं, अन् मी दुसऱ्याच्या वावरात मजुरीनं निंदाले.

साहेबानं फाइल उघडून माह्याकडे धरली. "ही सही तुमचीच ना?"

माहीच होती.

आता हे सांगा लागते. आमच्या घरी पोळ्याच्या दिवशी इहिरीवरची मोटार चालत नाही. सासऱ्याच्या काळात मोट बैल ओढत. आता ते काम मोटार करते, म्हून तिलेबी त्या दिवशी सुट्टी. सकाळीच तिले पुसाचं, हळदकुंकू लावाचं, पाइप गुंडाळून ठेवाचे. गावात कोनालेबी इचारा, ठाऊक हाय. बापूसाहेबालेबी ठाऊक हाय.

अन् मोजनीवाला आला तं नेमका पोळ्याले. वर्षाचे बाकीचे दिवस काय मेले होते? वावरात कोनी नाही, पान्याचे दांड कोरडे, मोटार बंद. मी म्हनलं, "दादा, आज मोटारीले सुट्टी हाय. उद्या या, पानी दाखवते." तो हासला. "मोटारीला सुट्टी?" म्हने. इहिरीत वाकूनबी पायलं नाही. मोटारीचा फोटो काढला अन् एक फारम पुढं केला. "आम्ही येऊन गेलो, एवढंच. सही करा."

रकाने सारे रिकामे होते. मी केली सही. वरतून पुरनपोळीचं ताट वाढाले गेली, तं म्हने, "नको, बापूसाहेबांकडे जेवण झालं." तवा मले त्यात काही वाटलं नाही. आता रोज वाटते. पोळ्याले या, असं त्याले कोनं सांगतलं असंल? सबूत काही नाही माह्याजवळ. पन ते ताट अजून डोळ्यापुढून हलत नाही.

त्या रिकाम्या रकान्यात आता टाइप केलेलं होतं, 'विहीर वापरात नाही.' खाली माहं नाव.

साहेब म्हनले, "सही करताना वाचता येत नव्हतं का? बसा खाली."

मले वाचता येते. दहावी झाली माही. पन मी बसली. माइक पुढं गेला. साहेबाचा राग होताच, पन माह्या हाताचा जास्त होता.

शेवटी कारकुनानं सभेत काय झालं ते वाचून दाखवलं. घाईघाईनं, लोकं चहाकडे चालले होते तवा. "एका महिलेने विहिरीबाबत शंका विचारली. तिचे समाधान करण्यात आले." मंग सह्यायचा कागद फिरला. माह्याजवळ आला. पेनबी त्यायनंच देल्ला.

मी पेन खाली ठेवला अन् उभी राह्यली. माइक नव्हता.

"माहं समाधान झालं नाही. ते खोडा."

कारकून म्हनला, "अहो बाई, लिहायची पद्धत असते तशी."

"असंल. खोडा. लिहा, इहिरीत पानी हाय अन् कोनी पायलं नाही. मंगच सही."

"वेळ नाही," साहेब म्हनले.

"मले हाय," मी म्हनलं.

या वक्ती कोनी हासलं नाही. माह्या बाजूनं कोनी बोललंबी नाही. माही सासू अंगठा द्याले उठली होती, तिनं हात पदरात घेतला अन् परत बसली. तेवढंच. कारकुनानं साहेबाकडे पायलं, बापूसाहेबाकडे पायलं, अन् बारीक अक्षरात खोडून लिहिलं. मी त्याले दोनदा वाचाले लावलं. मोबाइलमध्ये फोटो काढला. मंग सही केली.

आखनी काही सरकली नाही. खुंट्या आमच्याच वावरात हायेत, मिरचीच्या मधात. पुन्हा पाहनी होईल म्हनतात. कवा, ते सांगत नाहीत. येतील तं पोळ्यालेच येतील, असं मले वाटते.

येऊ द्या. मोटारीले सुट्टी राहीलच, त्यायच्यासाठी मी ते मोडनार नाही. पन मी इहिरीवर बसून राहीन. येईल त्याच्यापुढं दोरीनं बादली सोडीन, पानी वर काढीन, त्याच्या पायाजवळ ठेवीन. फारम मांगीन. एक एक रकाना माह्या हातानं भरीन. अन् सही सगळ्यात शेवटी करीन.