चौथा नंबर यावा म्हणून

आमच्या दातांच्या डॉक्टरांना कोणी हसून भेटत नाही. ते समोरून आले की लोक तोंड मिटून रस्ता ओलांडतात. फक्त रविवारी, रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत, "या डॉक्टर!" म्हणत खुर्ची पुढे सरकते. तिथे त्यांचा कोणालाच धोका नसतो, कारण त्यांची गाडी कायम शेवटी.

त्या रविवारी मात्र सरावातच गाडी बाणासारखी सुटली. डॉक्टरांनी ती झटकन थांबवली. आदल्या दिवशी मेहुण्याने 'जरा बघतो' म्हणून गाडी नेली होती, आणि हा मेहुणा म्हणजे इस्त्री दुरुस्तीला नेऊन टोस्टर करून आणणारा.

"काय केलंस रे मोटारीला?"

"आधी पळवा दाजी, मग सांगतो." डोळा मारून स्वारी चहाला पसार!

डॉक्टरांच्या गटाचा नियम साधा होता. सगळ्यांच्या गाडीतली विजेची मोटार सारखी, तिच्या आतल्या तारेचे वेढे ठरलेले. वेढे कमी केले की वेग वाढतो. सापडलात की माइकवरून नाव पुकारून वर्षभर हकालपट्टी. शर्यतीनंतर पहिल्या तिघांच्या मोटारी उघडून बघत. माघार घ्यावी तर दहाजण कारण विचारणार. डॉक्टरांनी ठरवलं, चौथं यायचं.

शर्यत सुरू झाली आणि गाडी पुन्हा सुसाट सुटली.

"भूल उतरली वाटतं गाडीची!" शेजारचा ओरडला.

डॉक्टर वळणावळणावर ब्रेक मारत होते, मागच्याला वाट देत होते. शेवटच्या वळणापर्यंत ते व्यवस्थित चौथे होते. तेवढ्यात पुढच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळून उलट्या झाल्या. डॉक्टर दुसरे! टाळ्यांचा कडकडाट झाला.

तपासायला बसला होता गटातलाच एक चावीवाला. त्याचा एक गाल सुजलेला. चार महिन्यांपूर्वी तो डॉक्टरांच्या खुर्चीतून उठून पळाला होता. त्याने स्क्रू काढले, मीटर लावला, आत डोकावला आणि म्हणाला, "हं."

हा 'हं' डॉक्टरांच्या ओळखीचा होता. पेशंटच्या तोंडात डोकावून रोज ते स्वतःच तो म्हणत.

"नियमात आहे," चावीवाला म्हणाला.

"नीट बघा हो!" डॉक्टरांच्या तोंडून निघून गेलं.

मागून मेहुणा आला. "दाजी, मी नुसती साफ केली. बेअरिंगमध्ये ट्रॅकच्या गालिच्याचे धागे, ताईचे केस, काय काय निघालं! लोकांना दोनदा घासा म्हणून सांगता आणि स्वतः?"

सगळे खो खो हसले. चावीवाला हसला नाही. "मग ब्रेक का मारत होतात?"

डॉक्टरांनी मेहुण्याकडे बोट दाखवलं. "वाटलं, ह्याने वेढे कमी केले. मला हाकलून दिलं असतं तर... रविवारी गेलो कुठे असतो?"

कोणीतरी खुर्ची पुढे सरकवली. चावीवाल्याने स्क्रू परत बसवायला घेतले.

"उद्या सकाळी दवाखान्यात येतो," तो गालावर हात ठेवून म्हणाला. "पण तो 'हं' म्हणायचा नाही."

"नाही म्हणणार."

शेवटचा स्क्रू त्याच्या हातातून दोनदा पडला. डॉक्टरांनी तो उचलून गुपचूप त्याच्या तळहातावर ठेवला.