वकिलातीसाठी जागा, शक्यतो निवांत

मी हेलसिंकीत जागांची दलाली करतो. चांगली जागा म्हणजे जिथे दुसरा माणूस नजरेला पडत नाही, हे माझं धंद्यातलं सगळं ज्ञान. म्हणून एका उष्ण देशाच्या राजदूतबाई वकिलातीसाठी जागा शोधत आल्या, तेव्हा मी छाती फुगवून त्यांना बेटावरचा बंगला दाखवला. तीन बाजूंना समुद्र, चौथीला झाडी. शेजारी एकही नाही, हेही ऐटीत सांगितलं. बाईंचा चेहरा पडला. त्यांची माणसं पासपोर्टासाठी पोराबाळांसकट येणार, रांगेत गप्पा मारणार; ती इतक्या लांब कशाला तडफडतील?

त्यांना आवडली ती नेमकी माझ्याच इमारतीतली, तळमजल्यावरची रिकामी जागा. दलाली मिळणार होती, पण त्या जागेचं दार आमच्या जिन्यात उघडतं. आणि आमच्या जिन्याची रीत अशी, की बाहेर पडण्याआधी दारात बसवलेल्या इवल्याशा भिंगातून बघायचं. कुणी उतरत असेल तर ते जाईपर्यंत कोट-टोपी घालून आतच उभं राहायचं. मी यात अगदी तरबेज.

जागा सोसायटीची, म्हणून सभा भरली. कॉफी आणि वेलचीचे पाव सिल्वीबाईंनी आणले होते. त्या माझ्या वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. जन्मभर ट्राम चालवली, तीही उतारूंकडे पाठ करून, 'चालकाशी बोलू नये' या पाटीखाली बसून. निवृत्त झाल्यावर तरी कुणी बोलेल, अशी त्यांची आशा होती. मला मात्र याचा पत्ता नव्हता.

मी उभा राहिलो आणि रांगा, पोरं, गलका असं सगळं इतक्या प्रामाणिकपणे सांगितलं की सौदा फिसकटायलाच हवा होता. सगळ्यांच्या कपाळावर आठ्या आल्या. मला हायसं वाटलं.

"ही माणसं जिन्यात भेटली तर बोलतात का?" सिल्वीबाईंनी विचारलं.

"बोलतात," मी आजाराची लक्षणं सांगावीत तसं म्हणालो. "थांबून विचारपूससुद्धा करतात."

"मग येऊ देत की." त्या माझ्याकडे वळल्या. "इल्पो, मी उतरताना तुझ्या दाराच्या भिंगातला उजेड जातो, म्हणजे तू आत डोळा लावून उभा. मी जरा हळूच उतरते. म्हटलं, दार उघडेल आज तरी."

माझे कान तापले. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. अध्यक्षांनी हरकती विचारल्या. हरकत घ्यायची तर चारचौघांत तोंड उघडावं लागतं, त्यामुळे ठराव आपोआप मंजूर झाला.

किटलीत अजून कॉफी आहे, असं सिल्वीबाई म्हणेपर्यंत लोकांनी कोट चढवलेही होते. माझीही एक बाही चढली होती. ती काढली आणि कप पुढे केला.

"बोल," त्या म्हणाल्या.

मी हवेपाण्यावरून सुरुवात केली. थंडीबद्दल कुणाला नवीन काय सांगणार? पण त्या कप दोन्ही हातांत धरून, माझ्याकडे तोंड करून ऐकत राहिल्या.