निळ्या वड्या

अण्णा गेले तेव्हा मी पुण्यात ऑफिसमध्ये होते. सकाळी आईचा फोन आला. दुपारी मी नाशिकरोडला घरी पोहोचले. त्याला आता सहा आठवडे झाले.

अण्णा मराठीचे शिक्षक. सायखेड्याहून शिकायला शहरात आले आणि इथेच राहिले. आमच्या घरात पुस्तकं भरपूर आणि बोलणं कमी. मी बारावी झाले तेव्हा त्यांच्या मनात माझं ठरलेलं होतं... मुलगी अधिकारी होणार, सरकारी कचेरीत दारावर तिच्या नावाची पाटी लागणार. आमच्या कॉलनीत तोवर कुणाच्याच नावाची अशी पाटी नव्हती, आणि अण्णा ती फार दिवस मनात धरून होते. मी जेवताना म्हणाले, "मला ब्रँड मॅनेजमेंट करायचंय." त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "म्हणजे काय विकायचं?" मी म्हटलं, विकायचं नाही, लोक दहा वस्तूंतून एकच का उचलतात ते शोधायचं. "मग दुकानात जाऊन विचार की," ते म्हणाले, "त्याला कॉलेज कशाला?" आई हसली. मी नाही हसले. अण्णांनी नाही म्हटलं असतं तर मी ऐकलं असतं, आणि तीच मला भीती होती.

ते नाही म्हणाले नाहीत. पांढरा सदरा घालून दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर निघाले. कॉलेज रोड, गंगापूर रोड... उन्हात आम्ही एकेका कॉलेजचं ऑफिस पाहत फिरलो. मला बीबीए हवं होतं. त्यांना स्पर्धा परीक्षेला उपयोगी पडेल असं काहीतरी. शेवटच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापक बाईंनी आमचं दोघांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ब्रँडचं शिक्षण पुढे एमबीएला मिळेलच. पदवीला माणसं शिकू द्या तिला. मानसशास्त्र घ्या." अण्णांनी लगेच विचारलं, "हे घेऊन स्पर्धा परीक्षा देता येते?" "येते की." परतताना सीबीएसला बसची वाट बघत आम्ही उसाचा रस प्यायलो. दोघंही खुशीत होतो. आपलंच खरं झालं असं मला वाटत होतं, आणि त्यांनाही.

पुढची तीन वर्षं परीक्षांच्या जाहिरातींची कात्रणं माझ्या टेबलावर येऊन पडत राहिली. अण्णा ती पेपरातून कापून ठेवत. मी ती टाकून दिली नाहीत, पुस्तकांत खुणेला घालत गेले. एमबीए करून मी पुण्यात एका छोट्या कंपनीत लागले, कपडे धुण्याच्या साबणाच्या. फोनवर सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "साबण." नातेवाइकांना मात्र सांगत, मुलगी कंपनीत ऑफिसर आहे. कसली, ते सांगत नसत. ते सदरे स्वतः धुवायचे, आणि आमचा साबण घरी आल्यापासून दर रविवारी फोनवर तक्रार यायची. "बोला मॅडम. फेस कमी येतो तुमच्या साबणाला." मी म्हणे, "तक्रार नोंदवली." "नोंदवा. मी गिऱ्हाईक आहे." माझं काम त्यांना पटलं का, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी फेसाचंच बोलणं काढलं असतं.

परवा आईसाठी सामान आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार राजूभाऊंनी मला ओळखलं. म्हणाले, "ताई, सर रोज संध्याकाळी यायचे. तुमच्या साबणाच्या निळ्या वड्या फळीवर मागून काढायचे आणि पुढे लावायचे. पुढच्या मागे सारायचे. मी विचारलं, सर, हे काय चाललंय? तर म्हणाले, ऑफिसरबाईंची कधीही तपासणी येईल."

"तुम्ही काही म्हणाला नाहीत?"

"सरांना काय म्हणणार? माझ्या दोन्ही पोरांना शिकवलंय त्यांनी. ते गेले की मी परत होतं तसं लावायचो. पुढच्या जागेचे दुसरी कंपनी पैसे देते ना."

फळीवरच्या पुढच्या जागेला काय मोल असतं, हे मला ऑफिसात रोज ऐकावं लागतं. आमच्या कंपनीला ते कधी परवडलं नाही. "किती दिवस करत होते?" मी विचारलं. "तुम्ही तिकडे लागल्यापासून," राजूभाऊ म्हणाले. मी फळीकडे पाहिलं. निळ्या वड्या मागे होत्या. त्यांनी विचारलं, "पुढे करू का?" मी म्हटलं, "राहू द्या." एक वडी तेवढी घेतली.

ती आता मोरीत आहे. काल मी तिनेच कपडे धुतले. फेस कमीच येतो.