दिलेला आवाज

धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारणाऱ्या माणसाला भोंगा हे नाव कुणी ठेवलं, ते आता कुणाला आठवत नाही. आधी नुसता भोंगा, मग भोंगाभाऊ, केस पिकल्यावर भोंगाकाका. ते पुकारायला लागले की गिऱ्हाईक गडबडून ठरवलं होतं त्यापेक्षा चढी बोली लावून बसायचं आणि मग घरी बोलणी खायचं. धुकं आलं की लिलाव थांबे. काका धक्क्याच्या टोकाला जाऊन समुद्राकडे तोंड करून ओरडत, "या रे, या! इकडे या!" अंधारात दोरीला धरून यावं तशा होड्या त्या आवाजाला धरून येत.

पुढे गावात फळीवाले आले. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं, पडायचं, परत उभं राहायचं, आणि संध्याकाळच्या बसने शहरात परतायचं. काकांच्या हाताखाली टोपल्या उचलणारा एक जण फळी शिकवायला लागला आणि त्याला सगळे मास्तर म्हणू लागले.

त्याच सुमाराला काकांच्या घशात गाठ निघाली. आवाजाची पेटी काढावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात दाखल व्हायच्या आधी मास्तर फोन घेऊन आला. "काका, जाण्याआधी एकदा आवाज देऊन जा. धुक्यात माझ्या फळीवाल्यांना परत आणायचं कसं?"

काकांनी धक्क्याच्या टोकाला उभं राहून आवाज दिला. मग त्यांना खोकला आला, आणि खोकून झाल्यावर त्यांनी मास्तरला विचारलं, "झालं का?" तेही फोनमधल्या त्या रेकॉर्डिंगमध्ये राहून गेलं. बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर कर्णा बसवला. गावाने कर्ण्यालाही भोंगाच म्हणायला सुरुवात केली.

काकू आधीच गेल्या होत्या. काका शहरात लेकीकडे राहायला गेले. गळ्याला भोक, त्यावर पातळ रुमाल. ओठ हलत, शब्द ओठांवर नीट उमटे, आवाज तेवढा नसे. नात कॉलेजात जाणारी, एका जागी न टिकणारी, म्हणून घरात भिंगरी. तिलाच त्यांचे ओठ वाचता येत. लेकीला येत नसत. ती घाईत असे.

एकदा शेजारीण आपल्या सहलीचे व्हिडिओ दाखवायला आली. फोनमध्ये लाटा, फळ्या, हसणं, आणि मध्येच, "या रे, या! इकडे या!" स्वयंपाकघरातून लेक हातातलं ताट तसंच घेऊन धावत आली. "काय हो बाबा?" तिने फोनला विचारलं. काका तिच्या समोरच खुर्चीत बसले होते.

त्या दिवसापासून तो आवाज बंद करायचा, एवढं एकच त्यांच्या मनात राहिलं.

म्हणून भिंगरी फळी शिकायला एक दिवस गावाला निघाली, तेव्हा काका तिच्याआधी चपला घालून दारात बसले.

"तुम्ही काय फळीवर उभे राहणार आहात का आजोबा?"

काकांचे ओठ हलले. भिंगरी हसत सुटली.

"काय म्हणतात?" लेकीने विचारलं.

"म्हणतात, माझं आता फळीवर आडवं व्हायचं वय आहे."

"शुभ बोला जरा," लेक म्हणाली आणि तिने काकांच्या पिशवीत जास्तीचा रुमाल ठेवला.

बस उतारावर थांबली. तिथून समुद्राकडे जाणारी गल्ली अरुंद. पूर्वी जिथे जाळी वाळत तिथे आता फळीवाल्यांचे काळे रबरी कपडे लटकत होते. हातपायांसकट, आतून कुणी नुकतंच निसटून गेल्यासारखे. वाऱ्याने ते एकाच बाजूला वळत होते. काकांनी त्यांच्याखालून जाताना मान खाली घातली. तेवढ्यात वरून आवाज आला.

"या रे, या! इकडे या!" मग खोकला. मग, "झालं का?"

"झालं!" गल्लीतून सगळे एकदम ओरडले. चहावाली, स्कूटरखाली झोपलेला मेकॅनिक, खिडकीतली बाई. कुणी मान वर केली नाही. रोज सकाळी मास्तर कर्णा तपासून बघे, आणि रोज गल्ली उत्तर देई.

काकांचे पाय आवाजाच्या दिशेने निघाले होते. ते त्यांना चार पावलं गेल्यावर कळलं.

"अगंबाई, भोंगाकाका!" चहावालीने पदराला हात पुसले. "मला वाटलं, तुम्ही..." तिने जीभ चावली, मग कानाशी येऊन ओरडली, "चहा! घेणार! का!"

"मावशी, ते मुके आहेत, बहिरे नाहीत," भिंगरी म्हणाली.

"असं होय. माझ्या घरात उलटं आहे बाई. माणूस बोलतो सगळं, ऐकत काही नाही."

चहावालीची छोटी नात काकांकडे टक लावून बघत होती. "हा भोंगा नाही," ती म्हणाली. "भोंगा वर असतो."

बर्फाच्या कारखान्याच्या मागच्या खोलीत मास्तर फळ्यांना मेण घासत होता. भिंतीपलीकडे लादी फोडायचं यंत्र घरघरत होतं. फरशी ओली, कोपऱ्यात पहारी टेकवलेल्या, आणि टेबलावर कर्ण्याला जोडलेली, तांबडा दिवा लागलेली एक छोटी पेटी. काकांनी पेटीकडे बोट केलं आणि ओठ हलवले.

भिंगरीने त्यांचे ओठ वाचले. तिचा चेहरा उतरला. मग ती मास्तरकडे वळून म्हणाली, "आजोबा म्हणतात, आवाज छान येतो."

काकांनी तिच्या दंडाला धरून परत सांगितलं, सावकाश, एकेक शब्द.

"म्हणतात, सगळ्यांच्या उपयोगी पडतो, बरं वाटतं."

"पडतो म्हणजे काय! लोकांना उगाच वाटतं, काकांचा आवाज बसला." मास्तरने वर छताकडे बोट दाखवलं. "बसला तो इथे बसलाय. आणि आवाज दिलात तुम्ही काका. मी काही चोरला नाही."

काकांनी मान हलवली. दिलेला परत मागतो आहे, हे त्यांना म्हणायचं होतं. ते सांगणारी मुलगी खिडकीबाहेर बघत होती.

"आज तुम्हीच बसा इथे," मास्तर म्हणाला. "धुकं आलं की हे बटण दाबायचं. आम्ही आवाजाला धरून येतो."

भिंगरी काळे कपडे चढवून आली. दारातून वळली. "रागावू नका ना आजोबा. लहानपणी सुट्टीत ऐकलेला तुमचा आवाज आणखी कुठे आहे सांगा बरं."

ती गेली. पेटीचा तांबडा दिवा काकांकडे बघत राहिला. दुपार कलली. कुणी पाहत नाही हे बघून काकांनी वाकून प्लग ओढला. दिवा विझला. प्लग मांडीवर घेऊन ते बसले. इतक्या दिवसांनी त्यांना भूक लागल्यासारखं वाटलं.

त्यांनी मान वर केली तेव्हा खिडकीत समुद्र नव्हता. धक्का अर्ध्यावर संपला होता. काकांनी घाईघाईने प्लग परत खुपसला. दिवा लागला नाही. मग त्यांच्या लक्षात आलं की भिंतीपलीकडची घरघरही थांबली आहे. वीज गेली होती.

ते धक्क्याच्या टोकाला धावले. जागा ओळखीची होती, पायांनी आपोआप ठाव घेतला. तोंड उघडून त्यांनी सगळा जोर लावला. गळ्यावरचा रुमाल हलला, एवढंच.

आणि धुक्यातून आवाज आला. "या रे, या! इकडे या!"

तो छपरावरून आला नाही. पाण्यावरून आला. खोकला नव्हता, घोगरेपणा नव्हता. काकांची चाळिशी उलटली तेव्हा जसा होता तसा, भरदार, घाई नसलेला. "इकडे या!" आणि जरा वेळाने, आणखी दुरून, "इकडे या!"

काका वळले. कारखान्यातून त्यांनी बर्फ फोडायची पहार उचलून आणली आणि दोर बांधायच्या लोखंडी खुंट्यावर हाणली. परत हाणली. खांदा निखळतोय असं वाटेपर्यंत हाणत राहिले. पाण्यावरचा आवाज बोलवत होता आणि ते वाजवत होते.

पहिली फळी दिसली तिच्यावर मास्तर पालथा होता. त्याच्यामागे बाकीचे, एकमेकांच्या पायांना धरून. भिंगरी सगळ्यात शेवटी. तिचे ओठ निळे पडले होते. काकांनी पहार टाकली आणि तिला पाण्यातून ओढून घेतलं.

"आम्ही सगळे तिकडेच वळलो होतो," मास्तर म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "तुमचा आवाज, काका. मी पण वळलो. ही ओरडली म्हणून..."

"मला खुंटा ऐकू आला," भिंगरी म्हणाली. "घरी पाणी हवं असलं की आजोबा चमच्याने पेला वाजवतात. थांबून थांबून. तसंच वाजत होतं. मग मला आठवलं, आजोबा ओरडत नाहीत." ती काकांच्या छातीशी तोंड खुपसून रडायला लागली.

घरघर पुन्हा सुरू झाली. वीज आली होती. मास्तर ओल्या अंगाने खोलीत गेला. पेटीचा दिवा लागला होता. त्याचा हात बटणावर थांबला. त्याने काकांकडे पाहिलं.

काकांचे ओठ हलले. या खेपेला भिंगरीने एकही शब्द बदलला नाही. "म्हणतात, दाब. बाहेर फिरण्यापेक्षा छपरावर बसलेला बरा."

मास्तरने बटण दाबलं. बाहेर चहावाली, मेकॅनिक, सगळे मान वर करून उभे होते. कर्ण्यातून सूं असा श्वास आला, काकांच्या गळ्यातून येतो तसा. मग काही नाही. मास्तरने परत दाबलं. नुसता श्वास. उत्तर द्यायला तोंड उघडलेली चहावाली तशीच राहिली.

"दोन होड्या बाहेर आहेत अजून," मेकॅनिक हळूच म्हणाला.

बस उतारावर हॉर्न वाजवत होती. भिंगरीने पिशव्या उचलल्या आणि खाली ठेवल्या, कारण आजोबा धक्क्याकडे निघाले होते. मास्तरने दुसरी पहार घेतली.

काकांनी खुंट्यावर पहार मारली. धुक्यातून लगेच आवाज आला, आधीपेक्षा जवळून, "इकडे या!" काकांनी परत मारली, जास्त जोराने. आवाज चढला. लिलावात दोन हट्टी माणसं एकाच टोपलीवर अडून बसली की असं होतं. ते त्यांनी आयुष्यभर समोर उभं राहून पाहिलं होतं, पुकारलं होतं, हसले होते. स्वतः बोली लावायची वेळ मात्र आज पहिल्यांदा आली होती.

बऱ्याच वेळाने पहिल्या होडीचं नाक धुक्यातून बाहेर आलं. काकांनी त्या होडीकडे पाहिलंही नाही. दुसरी अजून बाहेर होती.