टाकी कोरडी, प्रवास कन्नडचा

ज्या आठवड्यात कंपनीनं आम्हाला तीनच दिवस कामावर बोलावलं, त्याच आठवड्यात मी कार घेतली.

मंदी होती. एरवी दारात उभं न करणारा शोरूमवाला स्वतः चहा पाजत होता. आत्ता काही भरू नका, पगाराची जुनी पावती चालेल, म्हणाला. (फुकट ते पौष्टिक, हे आमच्या घराण्याचं ब्रीद!) शिवाय आईची एकच हौस होती. कन्नडला माहेरी एकदा आपल्या गाडीतून उतरायचं, तेही भावजयीच्या डोळ्यांदेखत.

गाडी दारात आली, अन् मग ध्यानात आलं की पेट्रोल हप्त्यानं मिळत नाय! अर्धा पगार हप्त्यात, उरलेला पोटात. तेल-साखर कोपऱ्यावरच्या हमीदचाचांकडून उधार. त्यांचं दुकान टाळायला मी मागच्या गल्लीनं जायचो.

आई कसली खचते! रोज संध्याकाळी इरकल नेसून, पर्स घेऊन ती पुढच्या सीटवर बसायची. मी स्टेअरिंगवर, बायको मागं चिवड्याचा डबा घेऊन. दौलताबाद गेलं, वेरूळ आलं, हे आईच सांगायची. हळू घे रं, वळण हाय, म्हणायची. मी जागच्या जागी हळू घ्यायचो.

एकदा मला चेव आला. गिअर काढला, हँडब्रेक सोडला. पडेगावातली आमची गल्ली उताराची. गाडी निघाली की! मी ब्रेकऐवजी हॉर्न दाबला. चिवडा सगळा माझ्या डोक्यावर. गाडी डुलत डुलत खाली गेली आणि थेट हमीदचाचांच्या दुकानापुढं, मिठाच्या गोण्यांना टेकून थांबली.

चाचांनी चष्मा वर केला. "क्या भाबी, गाडी में बैठ के उधारी देने आये क्या?"

मी सीटखाली जागा शोधत होतो. आईनं काच खाली घेतली, पदर सारखा केला.

"नाय वो हमीदभाई, कन्नडला निघालो. अर्धा किलो साखर द्या. मोकळ्या हातानं माहेरी कसं जायचं?"

चाचांनी तिच्याकडं पाहिलं, माझ्या डोक्यावरच्या चिवड्याकडं पाहिलं. मुकाट्यानं साखर बांधली, वहीत लिहिली आणि गाडी वर ढकलायलाही आले.

चार महिन्यांनी बँकवाले गाडी घेऊन गेले. आई शेवटपर्यंत कन्नडला एसटीनंच गेली.

आता माझी गाडी आहे, हप्ते फिटलेत, टाकी भरलेली असते. पण बाजूची सीट बघितली की आईची लई आठवण येते. मग एखाद्या रविवारी मी नुसताच खाली जाऊन गाडीत बसतो. कुणी बघत नाय ना, हे पाहून हळूच हँडब्रेक सोडतो.

पण सोसायटीचं पार्किंग मेलं एकदम सपाट!